डावी मूठ

धुळे,
३ जुलै १९८८

सिस्टर मदिना तडवी यांस,
नमस्कार.

आपली ओळख नाही. तामखेडीच्या उपकेंद्रात तुमच्याआधी अकरा वर्षं नर्स असलेल्या ताईबाई देवरे या माझ्या पत्नी. फेब्रुवारीत त्या वारल्या. दवाखान्यात असताना त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं, सायकल घरी ठेवू नका, जी नवीन सिस्टर येईल तिला द्या. तुम्ही रुजू झाल्याचं उपकेंद्राच्या मदतनीस झुंबरबाई यांनी एका मास्तरांकडून लिहवून कळवलं. म्हणून उद्या सकाळच्या एसटीने सायकल टपावर टाकून पाठवत आहे. आज स्टँडवर जाऊन विचारून आलो. कंडक्टरने सायकल पाहिली आणि मी काही सांगायच्या आत म्हणाला, तामखेडी फाटा ना. मी कॅरिअरला चिठ्ठी बांधली होती, ती त्याने वाचली असावी.

सायकल चांगल्या स्थितीत आहे. चार महिने ती घरात उभी होती तरी दर रविवारी मी पुसत होतो. तुम्ही काही गोष्टी पाळाव्यात अशी विनंती आहे. सायकलवर बादलीने पाणी ओतू नये. लोक ओततात. ते पाणी चाकाच्या मधोमध हबमध्ये जातं आणि आतले छर्रे गंजतात. चिखल आधी वाळू द्यावा, काडीने पाडावा, मग ओल्या फडक्याने आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावं. फडकं सुती हवं. जुनं धोतर सगळ्यांत चांगलं. साखळी रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासावी, पुसून वाळली की एकेका कडीवर मशीनच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल घातलं की धूळ बसते.

रिम मात्र चुलीच्या राखेने पुसावी. राख चाळून घ्यावी. हा माझा स्वतःचा शोध आहे. आधी दर तीन महिन्यांनी ब्रेकची रबरं झिजायची. राख सुरू केल्यापासून शेवटच्या वर्षात एकदाही बदलावी लागली नाहीत.

पिशवीत पाना, पंप, पंक्चरचं सामान आणि धुतलेली फडकी आहेत. सायकल कशी चालते ते सवडीने दोन ओळी कळवावं. उत्तर आलंच पाहिजे असं नाही.

आपला,
रुपचंद निंबा देवरे


तामखेडी,
१४ जुलै १९८८

आदरणीय नाना,
मदिनाचा नमस्कार.

गावात सगळे तुम्हाला नाना म्हणतात म्हणून मीही म्हणते. राग नसावा.

सायकल सुखरूप पोचली. फाट्यावर झुंबरबाई माझ्यासोबत होत्या. त्यांनी सीटवर हात ठेवला आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर आहे आणि झुंबरबाई एरवी तेवढ्या वाटेत तीन घरांची भांडणं सांगून होतात. गावात शिरलो तशा बायका ओट्यांवरून म्हणायला लागल्या, "बाईनी सायकल उनी," ताईबाईंची सायकल आली. मी नवीन आले त्या दिवशी एवढ्या बायका बाहेर आल्या नव्हत्या.

मी रावेर तालुक्यातली. वडील केळीच्या मळ्यात कामाला आहेत. शिक्षण जळगावला झालं. पहिलीच नेमणूक आहे. एवढी जपलेली वस्तू कोणी मला यापूर्वी दिलेली नाही. चाक बोटाने ढकललं तरी किती वेळ फिरत राहतं. मी काल नुसतं स्टँडवर लावून फिरवून पाहिलं.

तुम्ही लिहिलं तसंच रविवारी सगळं केलं. पाणी ओतलं नाही. राख झुंबरबाईंनी चाळून दिली. सायकल छान चालते.

तुमची,
मदिना सरदार तडवी


धुळे,
३१ जुलै १९८८

सिस्टर मदिना यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही पाणी ओतलं नाही हे वाचून बरं वाटलं.

आमच्याकडे मूलबाळ नाही. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. आठवडाभर मी इथे आणि ती तामखेडीला. शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ती येत असे. चौदा किलोमीटर सायकल मारून आलेली असायची, पण गल्लीच्या तोंडाशी उतरून सायकल हातात धरून घरापर्यंत चालत यायची. गल्लीत पोरं खेळतात, कोणाला लागायला नको, असं म्हणायची. रविवारी सकाळी मी अंगणात गोणपाट टाकून सायकल उलटी करायचो आणि ती ओट्यावर शेंगा फोडत बसायची. आम्ही फार बोलायचो असं नाही. ती गावातलं काहीबाही सांगायची, मी "हं" म्हणायचो. दुपारच्या जेवणापर्यंत सायकल नवी व्हायची.

माझ्याकडे एक वही आहे. कोणता भाग कधी बदलला, तेल कधी घातलं, छर्रे कधी काढून धुतले, सगळं लिहिलेलं आहे. ती चालू ठेवायची इच्छा आहे. म्हणून तुम्ही मला एवढंच कळवत जा: रोज अंदाजे किती फिरणं होतं, ब्रेकची रबरं कशी आहेत, साखळी ढिली झाली का, आणि आणखी काही नवीन.

राखेचं सांगतो. ऑफिसातल्या तोतारामनेही माझं ऐकून राख सुरू केली, पण त्याची रबरं दीड महिन्यातच गेली. तो मला सगळ्यांसमोर म्हणाला, "देवरे, तुमची राख फक्त बायकोच्या सायकलला लागू पडते वाटतं." मी त्याला सांगितलं, तू राख नीट चाळत नसशील.

आपला,
रुपचंद देवरे


तामखेडी,
२१ ऑगस्ट १९८८

आदरणीय नाना,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. जुनवण्याला हगवणीची साथ होती. आता कमी आहे.

तुम्ही विचारलेलं लिहिते. रोज दहा-बारा किलोमीटर होतं. ब्रेकची रबरं होती तशीच आहेत, जराही झिजलेली नाहीत. तुमच्या राखेचा गुण. साखळी ढिली नाही, काळी पण होत नाही. पुसायला घेतली की फडक्याला फार काही लागत नाही. टायरवर मात्र चिखल खूप असतो आणि मडगार्डमध्ये तर रोज काडी घालावी लागते. आमची काळी माती तुम्हाला माहीत आहेच.

एकच अडचण आहे. डावी मूठ सैल झाली आहे. हाताखाली फिरते आणि कधीकधी निसटून येते. उजवी घट्ट आहे. तिला काय करावं ते कळवा.

सीटच्या कव्हरला डाव्या कडेला तुम्ही ठिगळ लावलेलं आहे. टाका फार बारीक आहे. झुंबरबाईंनी शिवण करणाऱ्या एका बाईला दाखवायला नेलं होतं.

तुमची,
मदिना


धुळे,
४ सप्टेंबर १९८८

सिस्टर मदिना यांस,
नमस्कार.

डावी मूठ पूर्ण काढून घ्या. आतली नळी राखेने घासून कोरडी करा. तिच्यावर सुती दोरा जवळजवळ गुंडाळा, त्यावर पंक्चरचं सोल्युशन लावा आणि ओलं असतानाच मूठ पिळत बसवा. एक दिवस हात लावू नका.

वरचं लिहून झाल्यावर मी वही काढली. मागे ही मूठ कशी बसवली होती ते पाहायचं होतं. वहीत असं आहे: डावी मूठ, मार्च ८७. डावी मूठ, ऑगस्ट ८७. डावी मूठ नवीन, डिसेंबर ८७. त्याआधीच्या दहा वर्षांत मूठ एकदाही नाही. आणि ब्रेकची रबरं ८६ सालात चार वेळा, ८७ सालात एकदाही नाही. ८७ मध्ये साखळीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "स्वच्छ, फडक्याला काही लागत नाही."

सिस्टर, सायकल चालवताना दोन्ही हात सारखे पडतात. डावी मूठ एकटी सैल होते ती सायकल डाव्या बाजूने हातात धरून, तिच्यावर भार टाकून चालत नेल्यावर. चालत नेताना ब्रेक लागत नाही. साखळीही फिरत नाही, फक्त चाकं फिरतात. हे मला आजपर्यंत कळलं नाही असं नाही. कळण्यासारखं होतं, मी राखेचं कौतुक करत बसलो.

तुम्हाला सायकल येते का? नसेल येत तर मला राग नाही. खरं सांगावं, एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, यांना चालताना दम लागत होता का, हे दुखणं जुनं दिसतं. मी म्हणालो, डॉक्टर, त्या रोज बारा किलोमीटर सायकल चालवतात. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने सांगितलं. ती खाटेवरच होती. ऐकत होती.

आपला,
रुपचंद देवरे


तामखेडी,
१८ सप्टेंबर १९८८

आदरणीय नाना,

मला सायकल येत नाही.

रुजू होताना मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, सायकल येते ना, चार गावं आहेत. मी मान हलवली. आमच्याकडे सायकलवर केळीचे घड बसतात, मुली बसत नाहीत. मग तुमची सायकल आली. इतकी चकाकत होती की नाही म्हणवलं नाही. तुम्ही वहीचं लिहिलंत तेव्हा तर अजिबातच म्हणवलं नाही. लसीचा डबा आणि वजनकाटा तिच्यावर ठेवून मी ती ढकलत नेते. रोज दहा-बारा किलोमीटर होतं हे खरं आहे, पण ते पायी.

दर रविवारी मी सायकल पुसते ते मात्र खोटं लिहिलं नव्हतं. मी एकटी राहते. रविवारचा दिवस जात नाही. सायकल पुसायला बसले की जातो.

तुम्हाला ती परत हवी असेल तर मी स्वतः धुळ्याला आणून देईन. बाईंच्या बाबतीत मला काही माहीत नाही. झुंबरबाईंना विचारू का?

मूठ तुम्ही सांगितली तशी बसवली. आता घट्ट आहे.

तुमची अपराधी,
मदिना


धुळे,
२ ऑक्टोबर १९८८

चि. मदिना,

सायकल परत नको. तुम्ही अपराधी नाही. तुमच्या वयाचं माणूस मोठ्या डॉक्टरांपुढे मान हलवणारच.

सीट पूर्ण खाली करा, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. पहिले आठ दिवस पायडल मारू नका. शाळेमागे खळ्याकडे उतरती जागा आहे, तिथे पायांनीच ढकलत जायचं आणि पाय उचलायचे. तोल आला की पायडल आपोआप जमतं. ताईबाईंना मी असंच शिकवलं होतं. त्या सहा दिवसांत शिकल्या.

झुंबरबाईंना विचारा. त्या सांगतील तेवढंच लिहा. माझ्या मनाला बरं वाटेल असं काही घालू नका.

रुपचंद देवरे


तामखेडी,
२४ ऑक्टोबर १९८८

आदरणीय नाना,
नमस्कार.

मी झुंबरबाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या झाडायला लागल्या. एकदा तर झाडून झालेलीच खोली पुन्हा झाडली. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही.

खंडेनवमीला सकाळी त्या झेंडूची माळ घेऊन आल्या. गावात नांगर, विळे, शिवणयंत्र सगळ्यांची पूजा होते तशी सायकलची दरवर्षी व्हायची म्हणे. मला विचारलं, "तुले चाली ना पोर?" मी म्हटलं, चालेल, माझ्या वडिलांच्या कोयत्यालाही मळ्यात माळ घालतात. त्यांनी हँडलला माळ घातली, चाकाला हळदकुंकू लावलं, मग डाव्या मुठीला लावलं आणि तिथेच हात ठेवून खाली बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. ८७च्या संक्रांतीनंतर बाईंना चढावर दम लागायला लागला. एकदा पिंप्रीच्या रस्त्यावर त्या सायकलवरून उतरून बांधावर अर्धा तास बसून राहिल्या. त्यानंतर सायकलवर बसल्या नाहीत. जळगावला कोणा डॉक्टरीणबाईंना एकट्याच दाखवून आल्या. काय झालंय ते त्यांना नर्स असल्यामुळे नीट माहीत होतं, आणि त्यावर फारसं काही होण्यासारखं नाही हेही. झुंबरबाईंनी विचारलं की मग सायकल कशाला ओढत नेता, तर म्हणाल्या, तिला धरलं की चालता येतं. डावा हात मुठीवर, उजवा सीटवर. नाना, मी झुंबरबाईंना विचारलं, म्हणजे वर्षभर त्या सायकल चालवतच नव्हत्या? त्या म्हणाल्या, "ती काय सायकल चालाडी माय? सायकलच तिले चालाडे."

चारही गावं त्यांनी एक वर्ष तशी केली. एकही लस चुकली नाही. रजिस्टर माझ्यापुढे आहे, मी तपासलं.

शनिवारी त्या फाट्यावर जायच्या. हिलाल कंडक्टर सायकल टपावर चढवायचे आणि धुळ्याला उतरवून द्यायचे. तिथून गल्लीपर्यंत सायकल धरून चालत.

आता राहिलं ते लिहू की नको म्हणून पत्र तीन दिवस पडून होतं. पण तुम्ही म्हणालात, सांगतील तेवढं लिहा. झुंबरबाईंनी बाईंना म्हटलं होतं, नानांना सांगा, तुमचा हक्काचा माणूस आहे. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते झुंबरबाईंनी मला दोनदा जसंच्या तसं सांगितलं:

"रविवारी ते सायकल पुसतात आणि मी ओट्यावर बसते. माझा आठवड्यातला तेवढाच वेळ खरा आहे. त्यांना कळलं तर ते सायकलकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत बसतील."

मी यात माझं काही घातलेलं नाही.

तुमची,
मदिना


तामखेडी,
१५ नोव्हेंबर १९८८

आदरणीय नाना,

तुमचं पत्र नाही. दिवाळी झाली. तब्येत बरी आहे ना? मी लिहायला नको होतं का? झुंबरबाई रोज पोस्टमनला विचारतात. एक ओळ लिहा.

मदिना


धुळे,
२७ नोव्हेंबर १९८८

चि. मदिना,
आशीर्वाद.

उशीर झाला. पत्र आल्यावर मी पाच रविवार वहीला आणि कोणत्याच सायकलला हात लावला नाही. माझीही सायकल आहे, तिच्यावर धूळ बसली. मला राग आला होता. तिच्यावर थोडा, माझ्यावर जास्त. बावीस वर्षांचा संसार आणि माणसाला दम लागतो हे दिसलं नाही. पुसायला घेतलेली रिम मी उन्हात धरून बघायचो, डाग राहिला का म्हणून. ती चार हातांवर बसलेली असायची.

मागच्या शनिवारी स्टँडवर गेलो. हिलाल कंडक्टरची गाडी सव्वापाचला आली. मी माझं नाव सांगितल्यावर ते टोपी काढून उभे राहिले. ते काही लपवत नव्हते, त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे. बाई फाट्यावर कशा उभ्या राहायच्या, वैशाखात डोक्यावर ओला टॉवेल कसा असायचा, हे ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. मग बोलता बोलता म्हणाले, "पण सायकल काय ठेवली होती नाना तुम्ही. टपावर इतक्या सायकली चढवतो, करकरत नाही अशी एकच. नुसती धरली तरी पुढे जायला बघायची." त्यांना मला बरं वाटावं असं काही म्हणायचं नव्हतं. ते आपले सायकलबद्दल बोलत होते.

मी घरी चालत आलो. ती यायची त्याच रस्त्याने. स्टँडपासून आमची गल्ली साधारण एक किलोमीटर आहे, पुलाजवळ थोडा चढ. डावा हात मी जरा पुढे धरून चाललो. कोणी पाहिलं असेल तर हसलं असेल.

चढावर एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हाला लिहावीशी वाटते. छर्रे धुतलेले नसते, हबमध्ये ग्रीस नसतं, तर ती सायकल तिला ओढावी लागली असती. ओढावी लागली नाही. मी नऊ महिने धरून बसलो होतो की तिच्या दुखण्यात माझ्या हातून काहीच झालं नाही. झालं होतं. मला माहीत नसताना झालं, एवढाच फरक. मी जे करत होतो त्याचा उपयोग मला वाटत होता तो नव्हता, पण उपयोग होता.

आणि तिने मला त्या वर्षातले सगळे रविवार दिले. मी वहीवरून मोजले, दोन चुकले होते, बाकी पन्नास. तिने सांगितलं असतं तर त्यातला एकही तसा गेला नसता. ती बरोबर बोलली, मी तिच्याकडेच बघत बसलो असतो आणि तिला ते सहन झालं नसतं. तरी मला सांगायला हवं होतं असंही वाटतं. दोन्ही वाटतं. पण उपकार मोठे आहेत.

झुंबरबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी वर्षभर ते ओझं तोंडात धरलं, त्यांच्या स्वभावाला ते किती जड गेलं असेल ते मी ओळखतो. तुमचेही आभार. तुम्ही मूठ सैल झाल्याचं लिहिलं नसतं तर मी अजून राख चाळत असतो.

राखेचा शोध मी मागे घेतला आहे. तोतारामची ऑफिसात सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "माफी माझी नको, माझ्या बायकोची मागा. तिने सहा महिने पिठाच्या चाळणीने राख चाळली." रिम नुसत्या कोरड्या फडक्याने पुसत जा.

सायकल शिकण्याचं काय झालं?

तुमचा,
नाना


तामखेडी,
१४ जानेवारी १९८९

आदरणीय नाना,
संक्रांतीचा नमस्कार. तीळगूळ पाकिटात मावला नाही, कारण पाकिटात दुसरं काही आहे. आधी पत्र वाचा.

बाई सहा दिवसांत शिकल्या, मला एकवीस लागले. सीट खाली केली, खळ्यावर गेले. झुंबरबाई मागून कॅरिअर धरून पळायच्या. त्यांना सांगितलं होतं की मला न सांगता सोडा, म्हणजे मी घाबरणार नाही. पण त्यांच्याच्याने गप्प राहवेना. सोडायच्या आधी ओरडून सांगायच्या, "मी सोडस बरं का!" आणि मी पडायचे. एकदा वेचून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात गेले. शेतकऱ्याची बायको म्हणाली, सिस्टर, कापूस इंजेक्शनला लागतो तेवढाच न्यायचा. आता सगळं गाव मला हेच म्हणतं.

डिसेंबरपासून मी चारही गावं सायकलवर करते. जुनवण्याला पायी पाऊण तास लागायचा, आता वीस मिनिटं. मागच्या आठवड्यात तिथे एका बाळाला झटके आले. मी पोचले तेव्हा ओल्या फडक्याने अंग पुसून ताप उतरवायला आणि गाडीत घालून पाठवायला वेळ होता. बाळ परवा घरी आलं. त्याच्या आजीने सायकलच्या चाकाला कुंकू लावलं. मला तीळ दिले.

डावी मूठ घट्ट आहे. साखळी आता काळी होते. पहिल्यांदा फडकं काळं झालं तेव्हा मी ते झुंबरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हे काय दाखवायचं असतं? मग स्वतःच नीट बघत बसल्या.

पाकिटात ब्रेकची चार रबरं आहेत, पुढची दोन दोऱ्याने बांधली आहेत. काल बदलली. स्वतः बदलली. वहीत लिहा.

तुमची,
मदिना


धुळे,
२२ जानेवारी १९८९

चि. मदिना,
अनेक आशीर्वाद.

रबरं मिळाली. पाकीट हाताला जाड लागलं तेव्हाच ओळखलं. वहीत लिहिलं आहे: "ब्रेकची रबरं चारही, १३ जानेवारी ८९, मदिनाने बदलली." ८६ नंतरची ही पहिली नोंद.

पुढची दोन मागच्या दोनांपेक्षा जास्त झिजली आहेत. म्हणजे उतारावर तुम्ही घाबरून पुढचा ब्रेक आधी दाबता. तसं करू नये, तोंडावर पडाल. मागचा आधी, मग पुढचा, आणि दोन्ही हळू. पुढच्यांतलं एक रबर तिरकं झिजलं आहे, तिथली पकड वाकली असेल. पान्याने अर्धा फेरा सैल करून सरळ करा.

आज रविवार. सकाळी माझी सायकल पुसली. ओट्यावर शेंगा ठेवल्या होत्या, मधूनमधून जाऊन मीच फोडून खाल्ल्या. उन्हाळ्यात सुट्टी काढाल तेव्हा रावेरला जाताना सायकल टपावर टाकून एक दिवस इकडे या. छर्रे काढून धुवायला झाले असतील, ते पत्राने शिकवता येत नाही. झुंबरबाईंनाही आणा. त्यांनी बोललं तरी चालेल.

एक गोष्ट राहिली. रबरं पाठवत जा, त्यावरून सायकलचं मला कळतं. माणसाचं कळत नाही, हे मी शिकलो आहे. म्हणून दर पत्रात पहिल्या ओळीत तुमची तब्येत कशी आहे ते तुम्ही स्वतः लिहायचं. खरं लिहायचं. मी सायकलचं पुढच्या ओळीपासून वाचीन.

तुमचा,
नाना